बाळारामदादांचे सात ढीग

जाहीर निवेदन. तमाम भिवंडीकर, ट्रकमालक, गोदाममालक, हमालबंधू आणि चुकून इकडे वळलेले सभ्य वाचक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स आणि आयर्लंड या चार देशांच्या रग्बी संघांना त्यांच्या चुका वेळच्या वेळी दाखवून देणारा जगातला एकमेव माणूस वडप्याला हायवेच्या कडेला एका वजनकाट्यावर नोकरीला होता, आणि सदर देशांनी त्याची अखेरपर्यंत दखल घेतली नाही. दखल घेण्याची मुदत आता संपली आहे. बाळारामदादा भोईर यांना जाऊन दोन पावसाळे झाले.

मी समोरच्या साबणाच्या गोदामात सुपरवायझर. ट्रक भरला की तो काट्यावर चढवायचा, पावती घ्यायची आणि परत यायचं, एवढाच आमचा संबंध असायला हवा होता. पहिल्याच दिवशी काट्याच्या केबिनमधून एक मोठं डोकं बाहेर आलं. त्या डोक्याला डावा कान होता तसा होता, पण उजव्या कानाच्या जागी कुणी कांदाभजी चिकटवल्यासारखं काहीतरी होतं. त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आख्ख्या हायवेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मान न्हाय, खांदे दाराएवढे, पोट पुढं. सुपरवायझर, तू प्रॉप हायस. वाया गेलास!"

ही काहीतरी शिवी असावी असं समजून मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. पुढे कळलं की प्रॉप म्हणजे रग्बीत पहिल्या रांगेत मान घालून ढकलणारा गडी, आणि दादांकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसते.

रग्बी त्यांना कुठे भेटली? मुंबईतल्या एका मोठ्या क्लबात ते तरुणपणी मैदानावर माळी होते. चुन्याच्या रेघा मारायचे, गवत कापायचे. एकदा एक खेळाडू आलाच नाही, तेव्हा साहेबांनी माळ्यालाच बूट दिले. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं सकाळी रेघा मारायच्या आणि दुपारी त्या रेघांवर लोळायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. बाकीचं चरित्र मला माहीत नाही. विचारलं की ते कानाकडे बोट दाखवायचे आणि दर वेळी वेगळी थाप मारायचे. मला सांगितलं, "बैलानं चावला." एका ड्रायव्हरला सांगितलं, "गिरणीत आला."

खरी गोष्ट सांगितली सुनंदावहिनींनी, दादांच्या बायकोने. अंजूरला त्यांना बघायला दादा आले होते. वहिनींच्या वडिलांनी पोहे पुढे ठेवले आणि घसा खाकरून विचारलं, "मुलाच्या कानाला काय झालं?" दादांनी थाप मारली असती तर दहा मिनिटांत पत्रिका जुळली असती. पण त्या दिवशी त्यांना खरं बोलायची बुद्धी झाली. त्यांनी वहिनींच्या भावाला जमिनीवर निजवलं, त्याच्या हाताशी चेंडू म्हणून उशी ठेवली आणि समोरचे गडी म्हणून दोन लोड उभे करून त्यांच्यावर डोकं खाली घालून धाव घेतली. पोह्याची बशी कपाटाखाली गेली. "बघा," दादा धापा टाकत सासऱ्यांना म्हणाले, "असं डोकं शंभरदा घासलं की कान असा होतो." वहिनी आतून बघत होत्या. मला सांगताना म्हणाल्या, "भाऊजी, मी म्हटलं, माझा भाऊ खाली पडलाय आणि हा माणूस त्याच्यावर उभा राहून त्याला राखतोय. उशीपाई असंल, पण राखतोय. बापाला आतून खूण केली."

तर हा ढीग. ज्यांनी रग्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण दादांचं आयुष्य याच तीन सेकंदांत सामावलं होतं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरचा खाली पाडतो. पडला की त्याने चेंडू सोडलाच पाहिजे. तो आपल्या बाजूला मागे ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. मग दोन्हीकडचे गडी धावत येतात आणि पडलेल्याच्या वर, पायांवर उभं राहून, एकमेकांना रेटतात. ज्याने रेटलं त्याच्या बाजूला चेंडू. या रेटारेटीला पुस्तकात रक म्हणतात, दादा ढीग म्हणायचे. त्यात घुसायचं ते मागूनच, बाजूने नाही. "गोडाऊनचा नियम," दादा म्हणायचे. "माल आत जातो तो गेटातून. कंपाउंडवरून उडी मारलीस तर वॉचमन शिट्टी वाजवनार." आणि ढीग जमायच्या आत वाकून चेंडू चोरणारा जो समोरचा गडी, तो कोल्हा. दादा स्वतः तरुणपणी नामांकित कोल्हा होते.

शनिवारी मोठ्या देशांचे सामने मोबाइलवर लागायचे. दादा ते बघायचे ती पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. डाव्या हाताचा तळवा पडद्याच्या वरच्या अर्ध्यावर ठेवायचे. वर ते देखणे, वेगवान, मागच्या फळीचे सात जण धावत असत. "ते केस विंचरून येतात," दादा तुच्छतेने म्हणत. त्यांना दिसायला हवा तो फक्त खालचा ढीग. कुणीतरी साठ मीटर पळून चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, गुण मिळाले, स्टेडियम वेडं झालं, की दादा सामना मागे न्यायचे. एकदा, दोनदा, बारा वेळा. बाहेर काट्यावर ट्रक हॉर्न मारतोय, आणि दादा मला सांगताहेत, "हा बघ, तीन नंबरचा. यानं दोघांना उचलून बाजूला टाकलं म्हणून तो चिकना पळाला. आता हार कुणाला घालतील? चिकन्याला!"

आयर्लंडबद्दल त्यांचं मत होतं, "ढिगात दोनच मानसं पाठवतात, पन ती दोगं पडनाऱ्याच्या आदी निघालेली असतात." दक्षिण आफ्रिकेवर त्यांचा विशेष जीव. ते राखीव बाकावर बहुतेक पुढच्या फळीचे जाडजूड गडीच बसवतात आणि उत्तरार्धात एकदम आत सोडतात. दादा टाळी वाजवायचे. "यांना शिफ्ट कळते, सुपरवायझर! पयली पाळी दमली की दुसरी ताजी. लूमवाल्याचं डोकं हाय!"

असा माणूस नुसता बघत बसणार नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्याने आमच्या गोदामातले हमाल हेरायला सुरुवात केली. एका दुपारी मी बाहेर येतो तो ट्रकच्या काट्यावर आठ हमाल खांद्याला खांदा लावून उभे, आणि दादा केबिनमधून आकडा वाचताहेत, "पाचशे साठ! अरे, आफ्रिकेचे आठ नऊशेच्या वर भरतात. शकील, जेवत न्हायस का?"

"दादा, खाना खाके आया हूँ," शकील म्हणाला. तो उत्तर प्रदेशातला, उंच, सडपातळ.

"मग परत जा आन परत खा."

संघ जमला. कर्णधार नामदेव, पडघ्याकडचा, बोलायला कमी आणि पाठीवर दीड माणसाचं ओझं सहज नेणारा. रविवारी एका मालकाच्या रिकाम्या प्लॉटवर सराव होई. बाजूने चेंडू आत फेकताना माणसाला वर उचलायचं असतं, ते आमच्या लोकांना शिकवावंच लागलं नाही. सगळ्यांनी मिळून रेटत पुढे जायचं, तेही नाही. चिखलात फसलेला टेम्पो त्यांनी रोज काढलेला. दादा खुशीत. मुंबईच्या एका क्लबाच्या दुसऱ्या संघाशी सामना ठरवला.

आम्ही बासष्ट-शून्यने हरलो. हरण्याचं कारण जगाच्या रग्बीत नवीन होतं. नामदेव चेंडू घेऊन पुढे गेला, पडला. त्याबरोबर आमचे सहा जण धावले. दादा ओरडले, "शाब्बास!" सहा जण पोचले, वाकले आणि त्यांनी नामदेवला काखेत हात घालून उभा केला. एकाने त्याची पाठ झटकली. शकीलने विचारलं, "लगा तो नहीं?" चेंडू केव्हाच समोरचे घेऊन गेले होते.

दर वेळी हेच. कारण गोदामात एकच कायदा आहे, तो कुणी लिहिलेला नाही: ओझ्याखाली माणूस पडला की हातातलं असेल ते टाकायचं आणि आधी त्याला काढायचं. पाठीवर काचसामान असलं तरी टाकायचं. तो कायदा त्यांच्या हातापायांत होता, आणि रग्बीचा कायदा दादांच्या तोंडात.

सामन्यानंतर मी वाट बघत होतो की आता दादा स्फोट करणार. ते आले, सगळ्यांना ओळीने बसवलं. मग म्हणाले, "याला मी काय बोलू? हे चूक न्हाय."

"मग दादा, पडलेल्याला तसाच ठेवाचा?" नामदेवने विचारलं.

"ऐक. तुझा मानूस खाली हाय. थप्पी त्याच्यावर घसरत येतेय. तू त्याला उचलत बसशील, का थप्पीला खांदा देशील?"

"थप्पीला."

"मग समोरून येतात ती मानसं न्हाईत. तो माल हाय. माल अडवा. तुझा मानूस आपोआप उठेल."

पुढच्या रविवारपासून त्या प्लॉटवर एकच आरोळी सुरू झाली: "माल अडवा!" आणि आमचे गडी पडलेल्याच्या वर भिंतीसारखे उभे राहू लागले. एक ढीग राखला. मग दोन. एका सामन्यात सलग चार. पाचव्याला कोल्ह्याने चेंडू नेला. दादांनी हिशेब मांडला: चांगला संघ तो, जो सलग सात वेळा पडतो आणि सातही वेळा चेंडू आपल्याकडे ठेवतो. जिंकणं बिंकणं नंतर. "सात दाखवा मला. मग मी काय मागनार न्हाय."

ते मागायला आवाज राहिला नाही.

तंबाखू सोडून वीस वर्षं झाली होती. घोगरेपणा आला तो धुळीमुळे, असं सगळेच समजलो. दादांनी वहिनींनाही कळू दिलं नाही की गिळताना दुखतंय, भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि म्हणायचे, "दात गेले." निदान झालं तेव्हा स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. हायवेवरच्या ट्रकला केबिनमधून थांबवणारा तो आवाज एका सकाळी डॉक्टरांनी काढून ठेवला. गळ्याला भोक, त्यावर पांढरा कपडा.

दादा महिन्याभराने काट्यावर परत आले. काट्याच्या पावत्यांच्या पाठीवर लिहून बोलायचे. अक्षर मोठं, सगळं ओरडल्यासारखं. पहिली चिठ्ठी मला दिली: "अजून वाया गेला नाहीस. पोट कमी कर." मी हसलो, तेही हसले, हसताना खांदे हलले आणि गळ्यातून नुसती हवा गेली. मी पावती खिशात घालून बाहेर गेलो आणि ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथे शकील आधीच उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

रविवारी मैदानावर ते खुर्ची टाकून बसायचे. हमालांना सवय होती शिव्यांची. आता चुकलं तरी शांतता. नामदेव मला म्हणाला, "साहेब, असं खेळवत न्हाय. मागं वळून बघतो, तर दादा तोंड उघडतात आन काय येत न्हाय. काळजात कुनी खिळा मारल्यागत होतं." मग शकीलने तोड काढली. दादा नुसतं बोट उचलत, आणि शकील दादांच्या आवाजात ओरडे. शिव्यांसकट, आणि दादांच्याच बोलीत. उत्तर प्रदेशचा तो माणूस "तुजे बापाचा प्लॉट हाय का?" असं म्हणाला की दादा मान डोलावून पसंती द्यायचे.

दिवाळीनंतर दुखणं फुप्फुसात उतरलं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. दादांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी पावती मागवली आणि लिहिलं: "मुंबईवाल्यांशी सामना कधी? सात राहिलेत." वहिनींनी ती पावती मला आणून दिली. "भाऊजी," म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, धूळ न्हाय, ऊन न्हाय, गर्दी न्हाय. डॉक्टरशी मी मागाहून भांडीन. तुमी सामना ठरवा."

ठरवला. रविवार, दुपारचे तीन. दादांना गोदामाच्या टेम्पोतून आणलं, खाली गादी घालून. खुर्चीत बसवलं तेव्हा त्या खुर्चीत आधी माझ्याएवढा रुंद माणूस बसायचा हे खरं वाटेना. मी छत्री धरली. वहिनी पाण्याची बाटली घेऊन शेजारी. मुंबईच्या मुलांना काही सांगितलं नव्हतं, दादांनीच लिहून दिलं होतं, "त्यांना सांगितलंत तर ते सोडून देतील. फुकटचे सात नकोत."

आम्ही नेहमीप्रमाणे हरत होतो. पहिल्या अर्ध्यात दोनदा तीनपर्यंत गेलो, एकदा पाचपर्यंत. पाचव्याला दादांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की वहिनींनी बोटं सोडवली. त्यानंतर काहीच जमेना. ऊन उतरलं. दादांची मान दोनदा छातीवर आली. मी वहिनींकडे पाहिलं, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. निघायचं नाही.

शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना त्यांच्या गोलरेषेपासून दहा-बारा पावलांवर आम्हाला चेंडू मिळाला. नामदेवने तो छातीशी धरला, दोन पावलं गेला, पडला. "माल अडवा!" दोघं वर उभे. दादांनी एक बोट काढलं. चेंडू मागच्याने उचलला, एक पाऊल, पडला. दोन. तीन. चौथ्याला त्यांचा कोल्हा वाकला होता, शकीलने त्याला असा काही खांदा दिला की तो तीन पावलं मागे जाऊन बसला. चार. पाच. सहाव्याला ढीग डगमगला, चेंडू कुणाच्या तरी टाचेला लागून बाहेर डोकावला. नामदेवने त्यावर पोट टाकलं असावं, मला धुळीत दिसलं नाही. सहा. मी छत्री कधी टाकली आठवत नाही. पुन्हा एक पाऊल, पुन्हा धपकन, पुन्हा ती दोन माणसांची भिंत.

सात.

दादांनी सात बोटं हवेत धरली. पूर्ण पाच आणि दोन. हात खाली आलेच नाहीत.

आता गोलरेषा हातभर होती. शकीलच्या हातात चेंडू, समोर फट. नुसता हात लांबवला असता तरी टेकला असता. शकीलने रेषेकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं, आणि अर्धं पाऊल अलीकडेच गुडघ्यांवर पडला. आठ. त्यानंतर नामदेव, तोही अलीकडेच. नऊ. सगळ्या मैदानाने पाहिलं की ही माणसं मुद्दाम पडताहेत. पंचांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपली होती. पण रग्बीत वेळ संपली म्हणून सामना संपत नाही. चेंडू जिवंत आहे तोवर शिट्टी वाजत नाही. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की शिट्टी. शिट्टी झाली की टेम्पो. टेम्पो घरी जाणार, आणि पुढच्या रविवारी खुर्ची येणार नाही, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दहा. अकरा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एक उठायचा, अर्धं पाऊल जायचा, पडायचा, दोघं वर उभे राहायचे. बारा. वहिनी तोंडात पदर धरून उभ्या होत्या.

त्यानंतर सोळाव्या दिवशी दादा गेले. मी त्यांना घरी दोनदा पाहिलं, पण ते पाहणं मी मोजत नाही. माझे दादा ते, त्या खुर्चीतले. दहाच्या पुढे बोटं संपली तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवले. मान पुढे काढली. गळ्यावरचा कपडा वर-खाली होत होता. तोंड सताड उघडं, आवाज अजून तिथेच असल्यासारखं, आणि खांदे हलत होते. हसत होते की रडत होते हे मला आजही सांगता येत नाही.

आणि त्याच वेळी ढिगाच्या अगदी तळातून मुंबईवाल्यांचा जाडा प्रॉप, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, मान वर काढून जीव तोडून ओरडला, "अहो, टाका ना तो चेंडू पलीकडे! हवं तर मी सरकतो!"